पायांचं मलम

तोंड धुवायला म्हणून बेसिनपाशी गेले आणि समोरच्या फळीवर नूतनच्या वस्तूंमध्ये एक नवी बाटली दिसली. बोटभर उंचीची, काचेची, रबरी टोपणाची, थेंब थेंब सोडायची. चष्मा कपाळावर होता तो खाली ओढला. इंग्रजी मी कधी बोलले नाही, पण औषधांवरचं इंग्रजी मला वाचता येतं. पस्तीस वर्षं ते माझ्या हाताखालून गेलं आहे. सॅलिसिलिक अॅसिड, दोन टक्के. तेलकट, मुरुमं येणाऱ्या त्वचेसाठी. मी बाटली होती तशी ठेवली, टॉवेलनं तोंड पुसलं, आणि खोलीत येऊन बसल्यावर लक्षात आलं की तोंड धुतलंच नव्हतं, कोरडंच पुसलं होतं. तो गुरुवार होता.

नूतन माझी नात, नागसेनची मोठी मुलगी. तेवीस वर्षांची. मोहर्लीच्या रस्त्याला एका रिसॉर्टमध्ये समोरच्या काउंटरवर असते. वाघ बघायला आलेल्या लोकांना खोल्यांच्या किल्ल्या देते, गेटच्या वेळा सांगते, वाघ दिसला नाही म्हणून चिडून परतलेल्यांना सरबत देते. असायची, म्हणायला हवं. होळीनंतर तिच्या गालांवर आणि कपाळावर मुरुमं उठू लागली. तेलकट कातडी आमच्या घराण्याचीच; माझी, नागसेनची, तिची. त्यात मोहर्लीची धूळ, त्यात दिवसभर चेहऱ्यावर थापून ठेवायची ती पावडर. एप्रिल सरता सरता मॅनेजरनं तिला आतल्या खोलीत फोन घ्यायला बसवलं. पाहुण्यांना पहिला चेहरा तुझा दिसतो, असं तो म्हणाला. मे लागल्यावर म्हणाला, आठ दिवस घरी जा, चेहरा नीट करून सोमवारी ये, नाहीतर समोर दुसरी मुलगी बसवावी लागेल. हे तिनं आईला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. मैत्रिणीला फोनवर सांगत होती आणि कुलरच्या आवाजामुळे मोठ्यानं बोलत होती, म्हणून मला कळलं. घरात तिनं सांगितलं, ऊन लागलं. मे महिन्यात चंद्रपुरात ऊन लागलं हे कोणालाही पटतं.

ती घरातसुद्धा तोंडाला दुपट्टा बांधून वावरत होती. आमच्या शहरातल्या सगळ्याच पोरी रस्त्यावर तशा असतात, फक्त डोळे उघडे. बस स्टॉपवर दहा जणी उभ्या असल्या तरी आपली कोणती ते चपलेवरून ओळखावं लागतं. पण घरात, जेवायच्या पानावर?

“इथी कोणापासून तोंड लपवून राह्यली गं?” उर्वशी, माझी सून, भाकर वाढता वाढता म्हणाली. “इथी कोण वाघ पाह्याले आला हाय?”

“धूळ लागते मले.”

“जेवतानाई?”

“आई, तू जेव ना.”

नागसेननं ताटातून मान वर केली नाही. “राहू दे तिले. आमच्या खाणीत सारेच तोंड बांधून जेवतात. नाईतर भाजी कोणती अन् कोळसा कोणता, समजत नाई.” नूतन दुपट्ट्याआड हसली, कापड एकदा फुगलं आणि खाली बसलं. घास घेण्यासाठी तिनं ते हनुवटीवरून जरासं वर केलं तेव्हा मला तिच्या नाकपुडीच्या कडेची कातडी दिसली. लाल, ताणलेली, चकाकणारी, आणि कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटलेली. मी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि तिथेच ठेवला.

शुक्रवारी बेसिनपाशी गेले तेव्हा चष्मा लावूनच गेले. बाटली उजेडात धरली. एका दिवसात तिसरा हिस्सा उतरली होती. औषधाची पातळी बघायची सवय जात नाही. मेलेल्या माणसाच्या उशाची बाटलीसुद्धा मी आधी उजेडात धरून बघते. दोन थेंब एक दिवसाआड, असं ते वापरायचं असतं. मग वरून काहीतरी ओलसर, मऊ लावायचं. उन्हापासून जपायचं. कातडी लाल झाली की थांबायचं. हे मला कोणी नव्यानं शिकवायला नको होतं. ते तेलात विरघळतं, म्हणून तेलानं बुजलेल्या छिद्रात उतरतं आणि आतला मळ सोडवतं. मेलेली कातडी सुटते, खालची जिवंत राहते. पण मेलेली संपली तरी लावत राहिलं, तर त्याला काय कळणार कुठे थांबायचं? एवढी चार वाक्यं मला बोलायची होती. ती बोलले असते तर नूतननं विचारलं असतं, आजी, तुले कसं ठाऊक? नर्स होते, हे त्याचं अर्धंच उत्तर होतं; त्या प्रश्नाच्या पलीकडे काय आहे ते मी शेहेचाळीस वर्षं कोणाला दाखवलेलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. तो गेला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की आता त्याला सांगायचं राहून गेलं. आणि लगेच दुसरं वाटलं, सुटले.

गावाचं नाव मी सांगत नाही. एटापल्लीच्या पुढं, तेव्हा गाडीरस्त्यानं अर्धा दिवस. गडचिरोली वेगळा जिल्हा झालेला नव्हता, सगळं चांद्यातच, म्हणजे आताच्या चंद्रपुरातच होतं. एकोणऐंशी साल. मी पंचवीस वर्षांची, नागपूरला नर्सिंग करून आलेली, आमच्या वस्तीतून पांढरी साडी नेसणारी पहिली. बापानं मला एसटीत बसवलं तेव्हा ट्रंक स्वतः टपावर चढवली, कंडक्टरला हात लावू दिला नाही. दवाखाना म्हणजे कौलारू दोन खोल्या, एक शिपाई डोमा, आणि बुधवारी जीपनं येणारे डॉक्टर. बाकीचे सहा दिवस मी. लोक मला गिरजाबाई म्हणत नसत, नुसतं बाई म्हणत. गाव तीन महिने माझ्या पायरीपर्यंत आलं नाही. लांबून बघायचं आणि जायचं. मग तेंदूपत्त्याचा हंगाम आला आणि पाय आले. पहाटेपासून रानात अनवाणी हिंडलेले पाय; काटे आत मोडलेले, टाचा उकललेल्या, तळव्यांना दगडासारख्या भोवऱ्या. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी चिनीमातीची एक मोठी बरणी आणून ठेवली होती, सॅलिसिलिकचं मलम, तीस टक्क्यांचं, आणि झाकणावर तांबड्या पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, पाय.

मलम भोवरीवर रात्रभर टिकायला हवं, तर वर पट्टी हवी. पट्ट्या तीन महिन्यांच्या आल्या होत्या त्या तीन आठवड्यांत संपल्या. तेव्हा मी पळसाचं पान काढलं. ताजं, रुंद पान मलमावर उलटं ठेवायचं, वर चिंधी गुंडाळायची. पानाखाली घाम साचतो, कातडी भिजते, मलम दुप्पट आत जातं. चौथ्या दिवशी रुखमाच्या तळव्याची भोवरी चिंचोक्यासारखी अख्खी निघून आली आणि खाली लहान बाळासारखी गुलाबी कातडी दिसली. ती बघायला अर्धं गाव माझ्या ओसरीवर. रुखमा पाय वर करून बसलेली, राणीसारखी. “बाई,” ती म्हणाली, “पायाचा दगड काढला. घरी एक दगड हाय, नवरा. त्याच्यावर बांधतो का पान?” बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. बुधवारी डॉक्टरांना मी पानाची युक्ती सांगितली. ते म्हणाले, वा, गिरजाबाई, हे पुस्तकात घालायला पाहिजे. त्या रात्री मला आनंदानं झोप आली नाही. माझ्या आयुष्यात मी शोधून काढलेली ती एकच गोष्ट.

बुधरी ही रुखमाची मुलगी. आश्रमशाळेत राहून मॅट्रिक झालेली, त्या गावातली एकटी. अठराची असेल. संध्याकाळी ती पायरीवर येऊन बसे आणि मला तिच्या भाषेतले शब्द शिकवी. पाणी म्हणजे येर. मी चुकीचं म्हटलं की ती हसताना तोंडावर हात धरायची, हसण्यापेक्षा तोंड झाकायलाच जास्त. तिच्या गालांवर मुरुमं होती, माझ्याही होती. मी तिला नर्सिंगला पाठवायचं ठरवलं होतं. चांद्याहून अर्ज मागवला, माझ्या अक्षरात भरला. नाव, गाव, जात, शिक्षण. फक्त फोटोची चौकट रिकामी होती. एटापल्लीच्या बाजाराला जूनच्या पहिल्या आठवड्यात फोटोवाला येणार होता. बुधरीनं विचारलं, “बाई, फोटोत हे फोडं दिसतीन का?” मी म्हटलं, दिसतील. थट्टेनं म्हटलं. तिचा चेहरा पडला, तेव्हा मी तिला माझं गुपित सांगितलं. पायांच्या बरणीतलं चिमूटभर मलम मी स्वतःसाठी काढत होते. पांढऱ्या टाइलवर सुरीनं व्हॅसलीनमध्ये घोटायचं, अंदाजानं, पंधरा पट तरी. दहा मिनिटं लावायचं आणि धुऊन टाकायचं. महिन्याभरात माझा चेहरा निवळला होता. त्या रानात माझा चेहरा बघायला कोण होतं? आरसा होता, डोमा होता, आणि बुधवार. एवढीच माझी हौस.

मी तिलाही घोटून दिलं. एका डबीत. घाई होती, बाहेर पायांची रांग होती. व्हॅसलीनचा डबा तळाला गेला होता, त्यामुळे घट्टच राहिलं असेल. किती घट्ट, ते मला आजही सांगता येत नाही. मी म्हटलं, रात्री लाव. एवढंच म्हटलं. दहा मिनिटं म्हटलं नाही. धू म्हटलं नाही. म्हटलं होतं का, हे मी स्वतःला वर्षानुवर्षं इतक्या वेळा विचारलं आहे की आता कधीकधी मला माझा आवाज ऐकू येतो, दहा मिनिटांनी धू हं, असा. आणि मग मला कळतं की तो आवाज मी मागाहून तयार केला आहे. म्हटलं नाही. तिनं घरी आईचा पाय पाहिला होता. मलमाचं बळ पानात आहे हे सगळ्या गावानं पाहिलं होतं, मीच दाखवलं होतं. तिनं दोन्ही गालांवर मलम थापलं, त्यावर पळसाची दोन पानं ठेवली आणि वरून ओढणी आवळून झोपली.

सकाळी ती आली तेव्हा ओढणी तशीच होती. ओसरीवर चौदा-पंधरा पाय ओळीनं. मी खाली बसून एकीच्या टाचेतला काटा काढत होते. “बाई, झोंबते. धुऊन टाकू का? येर द्या ना.” मी वर पाहिलं नाही. काटा चिमट्यात आला होता, सुटला असता. “झोंबतंय म्हणजे लागू पडतंय,” मी म्हटलं. “राहू दे अजून.” ती थोडा वेळ उभी असावी. तिची पावलं मला दिसत होती, अंगठा मातीत रुतवलेला. मग ती पावलं गेली. तिनं ते संध्याकाळपर्यंत राहू दिलं. मी सांगितलं होतं म्हणून.

बुधवारी डॉक्टरांनी ओढणी सोडली. मी मागे उभी होते, हातात ट्रे. दोन्ही गालांवर पानांच्याच आकाराचे चट्टे, कडा ठसठशीत, मधे ओलं मांस. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, “हिला नीट सांगितलं नव्हतं का?” माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. बापाचं ट्रंक चढवणं माझ्या डोळ्यांपुढे आलं, हे मी उगाच सांगत नाही, खरोखर तेच आलं. मी म्हटलं, “सांगितलं होतं डॉक्टर. दहा मिनिटांत धू म्हणून. ऐकत नाहीत हे लोक.” हे लोक, म्हटलं मी. आमच्या वस्तीबद्दल शाळेतले मास्तर अगदी असंच म्हणायचे, याच सुरात. बुधरीला मराठी चांगलं येत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बोलेल. तिनं मान खाली घातली आणि डॉक्टरांना म्हणाली, “हो. बाईनं सांगतला होता.”

ती फोटोला बसली नाही. अर्ज माझ्या ट्रंकेत राहिला, मुदत गेली. पावसाळ्यानंतर मी बदली मागून घेतली.

बारा वर्षांनी, शिबिरासाठी एटापल्लीला गेले असताना, बाजारात ती चारोळी घेऊन बसलेली दिसली. गालांवर दोन काळपट पानं, तशीच. मी तोंड वळवणार, तेवढ्यात तिनं हाक मारली. तिनं माझ्या ओंजळीत चारोळी ओतली, पुन्हा ओतली. तिचा मुलगा पाठीमागे होता, त्याला म्हणाली, पाया पड, आपल्या दवाखान्यातली बाई. त्यानं माझ्या पायांना हात लावला. मग मी काही विचारलेलं नसताना गालावर बोट ठेवून ती हसत म्हणाली, “माझीच चुकी झाली ना बाई. तुमी तर सांगतला होता, दहा मिनिटात धू म्हणून. मीच नाई ऐकलो.” त्यात टोमणा असता तर मी आभार मानले असते. टोमणा नव्हता. तिला ते खरंच आठवत होतं. माझं खोटं तिच्या डोक्यात जाऊन तिची आठवण होऊन बसलं होतं, आणि ती मला त्यातून धीर देत होती. मी चारोळी पदरात बांधली आणि म्हटलं, जाऊ दे आता, जुनं झालं. म्हणजे ते खोटं मी दुसऱ्यांदाही बोलले, एका परीनं. दर रविवारी विहारात आम्ही पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे माझा आवाज खाली जातो. शेजारच्या बायांना वाटतं, वय झालं.

आजही रविवार. विहारातून आले, जेवले, पडले. काल दुपारी एक पार्सल आलं होतं, ते घेणारी मीच. नूतनच्या नावाचं, हलकं. मी ते तिच्या दाराशी ठेवलं होतं. आज पाणी प्यायला उठले तेव्हा दुपारचे तीन वाजत होते. नागसेन ड्यूटीवर, उर्वशी कुलरपुढे गाढ. बेसिनखालच्या बादलीत खोकं पडलेलं होतं, दुमडलेलं. मी ते उलगडलं. आधी आकडा दिसला. तीस. तेच सॅलिसिलिक, पायांच्या बरणीचा आकडा. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, किती मिनिटं ठेवायचं, कोणी लावायचं नाही, सोललेल्या कातडीवर तर मुळीच नाही. इतकं बारीक की माझ्या चष्म्यालाही खोक्याला नाक लावावं लागलं. निदान लिहिलं तरी होतं.

नूतनचं दार आतून लावलेलं होतं.

“नूतन.”

“झोपली आजी.”

“झोपलेली बोलत नाही. दार उघड.”

“थांब ना थोडी.” तिचा आवाज दाबल्यासारखा येत होता, ओठ न हलवता बोलल्यासारखा. “वीस मिनिटं राह्यले.”

“काय लावलं आहेस तोंडाला?”

“मास्क. साधा मास्क हाय.”

“त्याच्याखाली?”

कुलरची मोटर घरघरत होती. दाराच्या फळीवर तिच्या लहानपणीचे स्टिकर अजून चिकटलेले. एक फूल, एक अर्धं हरीण.

“झोंबतंय का?” मी विचारलं.

“झोंबतेच ना आजी, अॅसिड हाय ते. सगळ्याईले झोंबते. झोंबते म्हणजे काम करून राह्यलं.”

माझा हात कडीवर होता. बाहेरच्या बाजूची कडी, तिचा काही उपयोग नव्हता. मला वाटलं, हे मी बोलले. आतून मीच बोलले, पंचवीस वर्षांची, खाली मान घालून. तिला मी शिकवलेलं नव्हतं. शिकवलेलं नसताना ते तिच्यापर्यंत कसं पोचलं? मी म्हटलं, काढ ते, आत्ता धू. ती म्हणाली, उद्या मले जायचं हाय, तुले नाई समजत. मी म्हटलं, मला समजतं. ती म्हणाली, “काय समजते तुले? तू आयुष्यभर इंजेक्शनं देल्ली. तुले कोणी मागच्या खोलीत बसवलं का कधी?” दाराच्या या बाजूला मला दुसरं काही सुचलं नाही. मोठ्यानं बोलले असते तर उर्वशी उठली असती; बहुधा म्हणून मी दाराला कपाळ टेकलं आणि हळू बोलले.

“मी एका पोरीचं तोंड जाळलं आहे. ह्याच औषधानं. तीसवाल्याच. तुझ्याएवढी पण नव्हती. ती धुऊ का म्हणून विचारायला आली होती आणि मी म्हटलं, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. मग डॉक्टरला सांगितलं, हिला मी धुवायला सांगितलं होतं, हिनं ऐकलं नाही. मी सांगितलं नव्हतं, नूतन. खोटं बोलले. कोणालाच माहीत नाही.”

आत पलंग वाजला. कडी निघाली.

पांढरा ओला कागद, डोळ्यांना आणि तोंडाला भोकं पाडलेला. त्यावर, नाक-तोंड मोकळं सोडून, पोळ्या गुंडाळायचं पातळ प्लास्टिक, कानामागून घट्ट फिरवलेलं, आतून वाफ धरलेलं. त्या भोकांतून नूतनचे डोळे माझ्याकडे बघत होते. मी प्लास्टिकला नख लावलं आणि फाडलं. तिला हाताला धरून मोरीत नेलं, स्टुलावर बसवलं, माठातलं पाणी ओतून घेतलं, कारण टाकीचं पाणी चटका देत होतं. ओंजळ, ओंजळ, ओंजळ. घासायचं नाही, नुसतं वाहू द्यायचं. माझे गुडघे ओल्या फरशीवर टेकले होते आणि ते दुखत नव्हते. कागद गळून जाळीवर पडला. गाल लालबुंद होते, डाव्या गालावर पोपटाच्या चोचीएवढ्या दोन जागा पांढऱ्या पडल्या होत्या. मी त्या जागा ओळखल्या. बोलले नाही; मग म्हटलं, बोलायचं.

“डावीकडे थोडं भाजलं आहे. उद्या डॉक्टरला दाखवायचं. आज काही लावायचं नाही. पुढचे बरेच दिवस तुझ्या त्या बाटल्यांतलं काहीच लावायचं नाही.”

“डाग राह्यतीन का?”

“माहीत नाही. उन्हात गेलीस तर राहतील.”

“उद्या सोमवार हाय.”

“हो.”

ती रडली नाही. पाणी हनुवटीवरून तिच्या टी-शर्टवर ठिबकत होतं. मग तिनं विचारलं, “त्या पोरीचं नाव काय?” मी सांगितलं. बुधरी. आमच्या घरात तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला. फरशीवर पडला आणि तिथेच राहिला. मग मी बाकीचंही सांगितलं, रांग, पळसाचं पान, फोटोची रिकामी चौकट, बाजारातली चारोळी. सांगताना मला एकदा वाटलं की मी स्वतःला जरा बरं करून सांगते आहे, तेव्हा मागे जाऊन पुन्हा सांगितलं.

“म्हंजे तिले अजूनई वाटते, का तिचीच चुकी होती?”

“वाटत असेल.”

“जिती हाय?”

“ठाऊक नाही.”

“तू पाह्याले गेली नाई.” हे तिनं विचारलं नाही, नुसतं म्हटलं. नंतर भुवया न हलवता, कातडी ताणली जाऊ नये म्हणून अगदी सपाट चेहऱ्यानं तिनं विचारलं, “मी बाटली आणली, ते तुले कधी दिसलं?”

“गुरुवारी.”

“आज रविवार हाय आजी.”

एवढंच. मी पुन्हा ओंजळीत पाणी घेतलं, दुसरं काय करणार? तिच्या डाव्या गालावर सोडलं. तिनं श्वास आत ओढला.

“झोंबतं?”

“हो.”

मी हात काढून घेतला. मग्गा खाली ठेवला आणि तिच्या पायांशी ओल्यातच बसले. बाहेर उर्वशीनं कूस बदलली, कुलरच्या जाळीतून वाळ्याचा वास येत राहिला. नूतन माझ्याकडे बघत होती; खालून, वरच्या उजेडात, तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

“एटापल्लीची पहिली गाडी किती वाजता असते?” ती म्हणाली.

“तुला उन्हात जायचं नाही, सांगितलं ना.”

“मी कुठी जाऊन राह्यली?” ती म्हणाली. “तुले विचारून राह्यली.”

माठातलं पाणी संपलं होतं. पदराला हात पुसले, ते पुसले जाईनात, पदरच भिजलेला होता.

“पूर्वी सहाला सुटायची,” मी म्हटलं.